हवा खराब असली की शहराची वाढ नेमकी कुठे अडते?

नकाशेवाला

पाचेक लाख वस्तीच्या शहराच्या सुधारित विकास आराखड्याचं काम चालू आहे. दख्खनच्या पठारावरचं शहर. ईशान्येला जुनी एमआयडीसी, नैर्ऋत्येला दगडखाणी आणि क्रशर, मधून जाणारा महामार्ग आता बायपासने बाहेर काढताहेत. लोकसंख्येचा अंदाज, माणशी १३५ लिटर पाणी, रस्त्यांची रुंदी या सगळ्याला आकडे आहेत. हवेचं प्रकरण मात्र दर आराखड्यात एकाच साच्याचं: प्रदूषण मंडळाचा तक्ता चिकटवायचा आणि खाली ‘वृक्षलागवड प्रस्तावित’ लिहायचं. या वेळी ते टाळायचं आहे.

तीन गोष्टी विचारतो. हवा खराब म्हणून बांधकाम किंवा उद्योग खरोखर थांबतो का, आणि कोणत्या टप्प्यावर? नवं निवासी क्षेत्र कुठल्या दिशेला टाकायचं हे वाऱ्यावरून ठरवता येतं का? आमच्या कच्च्या आराखड्यात ते नैर्ऋत्येला आहे, कारण वर्षाचा मुख्य वारा पश्चिमेचा, म्हणजे एमआयडीसीचा धूर उलट दिशेला जाणार. आणि तिसरं, शहर वाढतं तेव्हा बांधकामाचीच धूळ वाढते, ती हिशोबात कशी धरायची?

कलम_खाते

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, थांबतो. मात्र थांबतो तो दोन वेगळ्या वाटांनी, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली वाट पर्यावरण मंजुरीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना १०० पैकी गुण दिले. हाच तो सर्वंकष प्रदूषण निर्देशांक, सेपी. ७० च्या वर गेलेली ४३ क्षेत्रं ‘अतिप्रदूषित’ ठरली. महाराष्ट्रातली पाच: चंद्रपूर (८३.८८), डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर. १३ जानेवारी २०१० ला केंद्राने या ४३ ठिकाणी नव्या आणि विस्तार प्रकल्पांच्या मंजुऱ्याच रोखल्या. मुदत आधी काही महिन्यांची होती, मग कृती आराखडे जसे येत गेले तशी क्षेत्रागणिक ती वाढत किंवा उठत गेली. म्हणजे कारखान्याकडे जमीन, वीज, पाणी सगळं असूनही शेजारच्या कारखान्यांच्या चिमण्यांमुळे त्याचा विस्तार अडला. २०१८ च्या फेरीत तारापूर ९३.६९ वर आणि चंद्रपूर ७६.४१ वर होतं. पण मधल्या काळात गुण द्यायची पद्धत बदलली आहे, त्यामुळे ८३ वरून ७६ वर आलं म्हणजे हवा सुधारली, असं अहवालात लिहू नका. सेपी नुसता हवेचाही नाही. त्यात पाणी आणि जमीन धरलेली असते.

घरबांधणीला हे लागू नाही असं पुष्कळ जण समजतात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. शिवाय अतिप्रदूषित क्षेत्राच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत (२०१४ पूर्वी १० किलोमीटर) असलेले प्रकल्प राज्याने तपासायचे की केंद्राने, हा वाद होता. २०२४ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर या एका प्रश्नावर महाराष्ट्रातले मोठे गृहप्रकल्प अडकून पडले. २९ जानेवारी २०२५ ला केंद्राने नवी अधिसूचना काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ ला ती मान्य केली. फक्त औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालयांना दिलेली सूट तेवढी रद्द केली. तेव्हा तुमची एमआयडीसी सेपीच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते आधी बघा आणि यादीत असेल तर आराखड्याच्या नकाशावर ५ किलोमीटरची रेघ आत्ताच मारा. ती रेघ न मारता तिथे टाउनशिप दाखवली, तर पुढे मंजुरीच्या टेबलावर वर्ष-दीड वर्ष जातं.

दुसरी वाट तात्पुरत्या बंदीची. दिल्लीत ग्रॅप आहे, म्हणजे हवा बिघडेल तसे कडक होत जाणारे निर्बंध: एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, जास्त म्हणजे वाईट) २०१ ते ३०० पहिला टप्पा, ४०० पर्यंत दुसरा, ४०१ पासून तिसरा, ४५० च्या वर चौथा. तिसऱ्याला खासगी बांधकाम, खोदकाम, तोडकाम बंद. चौथ्याला रस्ते, उड्डाणपुलांसारखी सरकारी कामंही बंद. मुंबईचा उंबरठा बराच खाली आहे. ३० डिसेंबर २०२४ ला महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली सगळी बांधकामं थांबवली, ती एक्यूआय सातत्याने २०० च्या वर गेल्यावर. आवरायला मुदत २४ तास.

वातकुक्कुट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमचं नैर्ऋत्येचं गणित कागदावर बरोबर वाटतं, जमिनीवर उलटं पडेल.

वर्षभराचा वातगुलाब (कुठल्या दिशेने किती वारा आला ते पाकळ्यांनी दाखवणारी आकृती) हा मुख्यतः पावसाळ्याचा असतो. जून ते सप्टेंबर वारा जोरात आणि सतत पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून ती पाकळी लांबलचक दिसते. पण त्या चार महिन्यांत पाऊस हवा धुऊन टाकतो, धूर-धुळीचा प्रश्नच नसतो. हवा बिघडते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि तेव्हा पठारावर वारा साधारण ईशान्य-पूर्वेचा आणि मंद असतो. म्हणजे एमआयडीसीचा धूर गावावरून थेट तुमच्या नव्या निवासी क्षेत्रात. मार्चनंतर वारा फिरला की नैर्ऋत्येच्या खाणींची धूळ त्याच क्षेत्रावर. कच्च्या आराखड्यात तुम्ही वस्ती दोन्ही तोंडांच्या मध्ये ठेवली आहे.

असं करा. हवामान खात्याकडून जवळच्या वेधशाळेच्या वाऱ्याच्या नोंदी घ्या, निदान पाच वर्षांच्या. जुन्या तक्त्यांत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोनच वेळा असतात. साडेपाचची नोंद फसवी, कारण तेव्हा हवा अजून घुसळत असते. रात्रीच्या जवळची नोंद म्हणजे साडेआठची. स्वयंचलित केंद्र असेल तर ताशी नोंदी मिळतील, मग फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दोन वेगळे वातगुलाब काढा: संध्याकाळी ६ ते सकाळी ९, आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ६. आराखडा पहिल्यावरून ठरवायचा. पाकळी वारा *कुठून येतो* ते दाखवते, कुठे जातो ते नाही. ही चूक छापील अहवालांतसुद्धा सापडते. मधल्या वर्तुळात ‘शांत’ तासांची टक्केवारी असते, ती नजरेआड करू नका. शांत तास जास्त असतील तर दिशेला फारसा अर्थ उरत नाही, तिथे अंतरच कामाचं. गावात नदीची दरी किंवा डोंगरउतार असेल तर रात्री थंड हवा उताराने खाली वाहते, आणि वेधशाळा दुसऱ्या टोकाला असेल तर ती या नोंदींत दिसतच नाही.

हवा किती घाण पेलते याचं एक सोपं माप आहे: मिश्रण थराची (जमिनीलगतची हवा घुसळते त्या थराची) उंची गुणिले वाऱ्याचा वेग. उन्हाळ्यातल्या दुपारी ३,००० मीटर गुणिले ५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे १५,०००. डिसेंबरच्या पहाटे २०० गुणिले १, म्हणजे २००. दिल्लीच्या हवेच्या रोजच्या अंदाजात ६,००० च्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरहून कमी, हे धूर पांगायला प्रतिकूल धरतात. त्याच चिमणीचा तोच धूर, पण पहाटे त्याला मिळणारी जागा उन्हाळी दुपारच्या पंचाहत्तरावा हिस्सा. बारा महिन्यांची सरासरी काढली की हे पुसलं जातं.

तुमच्या बाबतीत धुराची रेघ ईशान्य-नैर्ऋत्य अशी जाते. वस्ती तिला आडवी न्या, वायव्येला किंवा आग्नेयेला.

नकाशेवाला

धन्यवाद दोघांनाही. आग्नेयेला कालव्याची बागायत आहे, तिथे हात लावता येणार नाही. वायव्येला पडीक आहे, पण जलवाहिनी लांब पडते. जमीन स्वस्त मिळते ती एमआयडीसीच्या कुंपणालगत, आणि परवडणारी घरं तिथेच टाका असा आग्रह आहे. तिथे काय बिघडू शकतं हे आकड्यांत मांडता येईल का?

कलम_खाते

मुंबईतलं माहुल दाखवा. चेंबूर-तुर्भेच्या टोकाला १९५० च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढच्या दशकात खत कारखाना. तेव्हा ते गावाबाहेर होतं. शहर तिथवर पोचलं, आणि जिथे विकत घर घ्यायला कोणी तयार नव्हतं तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती, १७ हजारांवर घरं उभी राहिली. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं तिथे पाठवली गेली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लोकांना तिथे सक्तीने पाठवायला मनाई केली आणि पर्यायी घर नसेल तर महिना १५ हजार भाडं द्यायला सांगितलं. २०२० मध्ये हरित लवादाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई लावली. २०२५ मध्ये त्यातली रिकामी घरं महापालिकेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली. मुंबईत या किमतीत घर, तरी अर्ज तुटपुंजे आले. स्वस्त जमिनीचा हिशोब कुणी मांडला तर त्याच्यासमोर एवढं पुरे.

वातकुक्कुट

आकड्यांत मांडायचं तर चिमणीपासून सुरुवात करा. हे कुठल्याच आराखड्यात दिसत नाही म्हणून जरा विस्ताराने.

समजा एमआयडीसीतल्या बॉयलरची चिमणी ३० मीटर आहे. आजूबाजूला एकमजली शेड होत्या तोवर ती पुरेशी होती, धूर वरच्या वर निघून जायचा. आता कुंपणाबाहेर १५ मजली इमारत आली, मजला ३ मीटर धरला तर ४५ मीटर. चिमणीचं तोंड दहाव्या मजल्याच्या खिडकीसमोर. पण खरी अडचण त्याहून पुढची आहे. उंच इमारतीच्या मागे वाऱ्याचा भोवरा तयार होतो, तो धूर खाली ओढतो आणि पलीकडच्या रस्त्यावर आणून टाकतो. मग तक्रार येते ती तळमजल्याच्या दुकानांतून, आणि पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो चिमणी तर नियमाप्रमाणे आहे.

ठोकताळा असा: इमारतीची उंची आणि वाऱ्यासमोरची रुंदी यांतला लहान आकडा घ्या. इमारत ४५ मीटर उंच, ३० मीटर रुंद, म्हणजे लहान आकडा ३०. त्याच्या पाचपट, म्हणजे १५० मीटर अंतरापर्यंतच्या चिमणीला त्या भोवऱ्याचा त्रास होतो. त्रास टाळायचा तर चिमणीची उंची इमारतीची उंची अधिक त्या आकड्याच्या दीडपट हवी: ४५ अधिक ४५, नव्वद मीटर. तीस मीटरची चिमणी कोणी नव्वदची करत नाही. एकतर कारखाना हलतो, नाहीतर इमारतीची उंची बांधावी लागते, नाहीतर बॉयलर कोळशावरून गॅसवर न्यावा लागतो. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, पण त्यासाठी एमआयडीसीत नळाने गॅस पोचलेला हवा. आराखड्यात गॅसवाहिनीची जागा राखणं हे शंभर झाडांपेक्षा उपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंपणालगतच्या पट्ट्यात घरांऐवजी गोदामं, ट्रक टर्मिनल, घाऊक बाजार टाका. रात्री तिथे कमी लोक झोपतात, आणि हवा रात्रीच सर्वांत वाईट असते.

खडी_नंबर_दोन

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, मी लावतो. बांधकामाच्या बाजूने.

नियम आहेत, आणि नुसते मुंबईत नाहीत. २५ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत पत्र्याचा आडोसा इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर, साइटवर जायचा रस्ता पक्का, वाळू-माती झाकलेली, उघड्यावर कापणं-घासणं बंद. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये याला दात दिले: एक एकराच्या वरच्या भूखंडाला ३५ फूट पत्रा, त्याहून लहान असेल तर २५ फूट, तोडकामाला ओलं कापड, चाकं धुवायची सोय, सेन्सर, सीसीटीव्ही. न पाळल्यास काम बंदची नोटीस.

आता प्रत्यक्षात कुठे फसतं ते.

चाक धुण्याची टाकी. बहुतेक ठिकाणी ती तीन-चार मीटर लांब असते. डंपरच्या चाकाचा व्यास एक मीटरच्या आसपास, म्हणजे एक फेरा तीन मीटरहून थोडा जास्त. टाकीत चाक जेमतेम एकदा फिरतं, खाचेतली माती तशीच राहते. निदान दोन-तीन फेरे व्हायला ८ ते १० मीटर लांबी हवी, तळाला आडवे रेल किंवा अँगल टाकून, म्हणजे चाक हादरतं आणि माती सुटते. त्यापुढे १५-२० मीटर काँक्रीटचा पट्टा, उतार आत, गाळाच्या खड्ड्याकडे. हा पट्टा नसला की ओलं चाक थेट डांबरी रस्त्यावर जातं, चिखल ओघळतो, उन्हाने दोन तासांत वाळतो आणि पुढची प्रत्येक रिक्षा तो उडवते. साइटच्या आत एकही कण नाही आणि गेटबाहेर अर्धा किलोमीटर रस्ता पांढरा, हे दृश्य यातूनच येतं.

पाणी मारणं. कच्च्या रस्त्याला चौरस मीटरला अर्धा लिटर पुरतं. शंभर मीटर लांब, पाच मीटर रुंद रस्त्याला एका फेरीला २५० लिटर. लोक एकदाच टँकर रिकामा करतात, मग चिखल होतो आणि तोच चाकाला लागतो. थोडं पण वारंवार. एप्रिलमध्ये दर दोन तासांनी, डिसेंबरात सकाळी एक आणि दुपारी दोन फेऱ्या चालतात. पाणी एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध केलेलं) वापरा, पिण्याचं नको.

तोफा, म्हणजे अँटी-स्मॉग गन. फवारा बारीक असेल आणि ब्रेकर (तोडकामाचं यंत्र) चालतो तिथेच रोखलेला असेल तर उपयोग होतो. थेंब मोठा असला की बारीक कण त्याच्या बाजूने सटकून जातो, चिकटत नाही. चौकात उभी करून आकाशाकडे सोडलेली तोफ शहराची हवा सुधारत नाही, फक्त रस्ता ओला करते.

आरएमसी प्लांट, म्हणजे तयार काँक्रीटचा कारखाना. तक्रारी खडीवर होतात, पण पांढरा लोट उठतो तो सिमेंट सायलोत (उंच टाकीत) भरताना. बल्करवाला (सिमेंटचा टँकर आणणारा) लवकर सुटायच्या घाईत हवेचा दाब वाढवतो, सायलोच्या डोक्यावरचा बॅग फिल्टर चोंदलेला असतो, शेवटी प्रेशर व्हॉल्व्ह उघडतो आणि सिमेंट गावभर. भरण्यापूर्वी आणि नंतर फिल्टरचा शेकर (पिशव्या झटकणारं यंत्र) चालवणं, पिशव्या ठरल्या वेळी बदलणं आणि सायलोला हाय लेव्हल अलार्म, एवढ्यावर हे थांबतं. परवाना देताना प्लांटला कुंपण किती हे विचारतात, शेकर चालतो का हे कोणी विचारत नाही.

आणि वेळापत्रक. हिवाळ्यात काम थांबू शकतं हे धरूनच बारचार्ट आखा. तोडकाम ऑक्टोबर संपायच्या आत उरका. डिसेंबर-जानेवारीला प्लंबिंग, वायरिंग, सुतारकाम ठेवा, दिल्लीतही बंदीच्या काळात ही कामं चालू देतात. मोठ्या राफ्टचा (इमारतीखालच्या सलग काँक्रीट पायाचा) भराव एक्यूआय चढत असताना सुरू करू नका. अर्ध्यावर थांबला तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला न जुळलेला सांधा) पडतो आणि तो आयुष्यभर गळतो. बंदीत शटरिंगचं भाडं चालूच राहतं आणि मजूर गावी निघून जातात, परत येतील तेव्हा येतील. मजुरांच्या नोंदणीकडे लक्ष द्या. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आपण भरतोच, पण बंदीच्या काळात सरकारने भत्ता जाहीर केला तर तो नोंदणीकृत मजुरालाच मिळतो, आणि नोंदणीला आधीच्या वर्षभरात ९० दिवस कामाचा दाखला लागतो.

कलम_खाते

@खडी, तोफेबद्दल तांत्रिकदृष्ट्या सहमत. पण पथक आलं की यादीतली वस्तू साइटवर आहे का एवढंच बघतं. तोफ नाही म्हणून नोटीस लागली तर थेंबाच्या आकारावर युक्तिवाद करत बसता येत नाही. ठेवा, आणि ब्रेकरजवळ ठेवा.

नकाशेवाला

आमच्याकडे महापालिकेच्या इमारतीवर एक केंद्र आहे. डिसेंबरची सरासरी, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये: पीएम १० (जाड कण धरून धूळ) १८०, पीएम २.५ (त्यातले फक्त बारीक कण) ४८. एक्यूआय १५० च्या आसपास दाखवतो. यावरून दोष एमआयडीसीचा की धुळीचा हे सांगता येईल का?

वातकुक्कुट

बऱ्यापैकी. एक्यूआय ही सरासरी नसते. प्रत्येक घटकाचा उपनिर्देशांक काढतात आणि सर्वांत मोठा तो शहराचा आकडा. पीएम १० १८० असेल तर उपनिर्देशांक १५३, पीएम २.५ ४८ असेल तर ८०. म्हणजे तुमचा आकडा पूर्णपणे जाड धुळीने ओढलेला आहे. ४८ भागिले १८०, गुणोत्तर ०.२७. जळणाचा धूर मुख्य असता तर हे ०.५-०.६ च्या वर गेलं असतं. म्हणून नुसत्या या आकड्यावर एमआयडीसीला दोषी धरू नका. रस्ता, खाण, बांधकाम हे आधी.

पण दोन गोष्टी तपासा. केंद्र कितव्या मजल्यावर आहे? हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटरवर हवं. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर असेल तर रस्त्याची धूळ कमीच दिसते, म्हणजे खरा आकडा याहून वाईट. आणि स्वयंचलित आहे की हाताने चालणारं? हाताने चालणारं आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस मोजतं. मधले पाच दिवस कोरे. ताशी नोंदी असतील तर रात्री १० ते पहाटे ६ चं गुणोत्तर वेगळं काढा. रात्री ते ०.२७ वरून ०.५ कडे सरकत असेल आणि वारा ईशान्येचा असेल, तर दिवसा धूळ आणि रात्री एमआयडीसी असे दोन वेगळे रोग आहेत. औषधंही वेगळी.

राष्ट्रीय मानक पीएम २.५ साठी २४ तासांचं ६०, वर्षाचं ४०. तुमचे ४८ हे डिसेंबरचे आहेत, ते वर्षाच्या ४० शी ताडून ‘मानकापेक्षा जास्त’ लिहू नका, हरकतींच्या सुनावणीत पहिला वकील तेच पकडेल.

नकाशेवाला

केंद्र तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, स्वयंचलित. ताशी नोंदी मागवतो. वायव्येच्या जलवाहिनीचा खर्च काढायला सांगितला आहे. चिमण्यांची यादी मात्र कुठे मिळेल? एमआयडीसीच्या कार्यालयात भूखंडांची यादी आहे, चिमण्यांची नाही.

कलम_खाते

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात. प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्राला हवेबद्दलचं परिशिष्ट असतं, त्यात चिमणी कशाला जोडलेली आहे, उंची, इंधन आणि ते किती जळतं हे रकाने असतात. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर टाकलेली असतात, माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर थांबू नका. आधी कुंपणापासून दीडशे-दोनशे मीटरच्या आतले भूखंड काढा, बाकीचे नंतर. आणि कागदावरची उंची एकदा जाऊन बघून या. काही ठिकाणी ३० लिहिलेलं असतं आणि उभी असते विसाची.